पाठमोरी वळली तेव्हा

१

सुट्टीनंतरच्या सकाळी व्यवस्थापकांनी सभागृहाचं दार उघडलं, सवयीने वर बघितलं आणि त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. छतावरची पाठमोरी मान वळवून बघत होती.

ही पाठमोरी कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं दचकायला काय झालं? त्या जुन्या सभागृहाच्या उंच छतावर सबंध आभाळ रंगवलेलं आहे, दिवस मावळतानाचं. उत्तरेच्या कोपऱ्यात एका ढगाच्या काठावर एक बाई बसलेली आहे. पाय खाली सोडलेले, केस मोकळे आणि आपल्याकडे पाठ. कंटाळवाणी भाषणं ऐकता ऐकता शहरातल्या कित्येकांनी मान मागे टाकून तिच्याकडे बघितलंय आणि मनातल्या मनात तिला हवा तो चेहरा दिलाय. सभागृहाच्या तिकिटावर तीच, दारावरच्या पाटीवर तीच. तिचा खरा चेहरा कुणी पाहिला नव्हता, कारण तो काढलेलाच नव्हता. निदान सगळे तसं धरून चालले होते.

आज तिला चेहरा होता. पुरता नव्हे. एक गाल, एक डोळा, नाकाची कड आणि ओठांचा जेमतेम कोपरा. खालून कुणीतरी हाक मारावी आणि तिने "काय गं?" म्हणून वळावं, इतकंच.

व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चेहरा जागच्या जागी होता. मग त्यांनी परांचीवालीला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "तुमच्या दिराने काय करून ठेवलंय ते येऊन बघा."

२

उंच छताखाली काम करायचं तर माणसाने उभं कशावर राहायचं, हे ठरवणं हा परांचीवालीचा धंदा. लोकांना वाटतं, त्यात काय ठरवायचं, चार पाइप उभे केले, वर फळ्या टाकल्या की झालं. असं कुणी म्हणालं की तिचं डोकं फिरायचं. घोडी लावायची, की सबंध छताखाली पाइप उभारून फळ्यांची जमीनच घालायची, की चाकांचा मनोरा आणायचा, हे खोलीत नुसतं बसून राहिल्याशिवाय कळत नाही असं तिचं म्हणणं. ती खरंच जाऊन बसायची. कुठल्या खिडकीतून ऊन येतं, कोण कुठून जातं-येतं, सगळं बघायची.

या सभागृहासाठी तिच्या मनात आधी सलग फळ्यांची परांची होती. छतावरची काजळी उतरवणाऱ्या रंगाऱ्याला, म्हणजे तिच्या दिराला, वर निवांत फिरता आलं असतं. पण तशाने छत झाकलं जातं आणि खालचं सभागृह बंद पडतं. शेजारच्या खोलीत गाणेबाईंचा वर्ग भरायचा आणि वर्गाची वाट सभागृहातूनच होती. म्हणून चाकांचा मनोरा ठरला. त्याला आतून शिडीऐवजी कठड्याचा जिना लावला, कारण दिराचा गुडघा कुरकुरत होता. काम उत्तरेकडून सुरू करायचं ठरलं, म्हणजे दक्षिणेची उन्हाची बाजू वर्गाच्या मुलांना मोकळी. कुणाला त्रास नाही, कुणाची अडचण नाही. आपल्या निवडीवर ती बेहद्द खूश होती.

फोन आला तशी ती धावत आली. आल्या आल्या तिने वर नाही, खाली बघितलं. मनोरा पाठमोरीच्या बरोबर खाली, चाकांचे ब्रेक तिने लावले होते तसेच. मग तिने मान वर केली. पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल तर आनंद. इतका सुंदर चेहरा तिने छतावर काय, जमिनीवरसुद्धा फारसा पाहिला नव्हता. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, कारण मनोऱ्याच्या खालच्या पायरीवर तिचा दीर डोकं धरून बसला होता.

व्यवस्थापकांचं म्हणणं सरळ होतं. छताला शिडी पोचत नाही, मनोरा पोचतो. आणि मनोऱ्यावरची सगळ्यात वरची फळी कुणाच्या मापाची? परांचीवालीची पद्धतच होती ती. काम करणाऱ्याला भिंतीशी हात वर करून उभं करायचं, खूण करायची आणि त्या खुणेवरून फळी किती खाली ठेवायची ते ठरवायचं. दीर ताडमाड उंच. त्याच्यासाठी घातलेल्या फळीवर उभं राहून छताला हात टेकेल असा दुसरा माणूस या इमारतीत नव्हता.

"तुमचंच माप आहे, मी नाही काढलं," व्यवस्थापक म्हणाले. संध्याकाळी सभागृह चालवणारी समिती येणार होती. तोवर काही वेगळं निघालं नाही, तर दिराला आजच काढून टाकणार आणि का काढलं ते सगळ्यांना कळवणार. जुनं चित्र परस्पर बदलणाऱ्या माणसाला मग जन्मात कुणी जुनं छत हाती देणार नव्हतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शाळेच्या भिंती कोळशाने रंगवून मार खात होता. मार चुकवून तो पदरात लपायचा तो हिच्याच. जुन्या चित्रांवरची काजळी उतरवणं सोडून त्याला जगात दुसरं काही यायचं नाही आणि नकोही होतं. तो म्हणाला, "वहिनी, मी हात लावला नाही." खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. आत्ता ते लाल नव्हते. पण कानांचा पुरावा समितीपुढे कसा ठेवायचा?

३

ती वर गेली. जिना चढताना एकेका टप्प्यावर थांबून तिने वर बघितलं. खालून इतका देखणा वाटणारा चेहरा जसजशी ती जवळ गेली तसतसा पसरत गेला. अगदी वरच्या फळीवरून तर तो चेहराच राहिला नाही. हातभर लांबीची हनुवटी, तिरका ओघळलेला डोळा, नुसते रंगाचे पट्टे. खालून नीट दिसावा म्हणून जुन्या चित्रकाराने तो मुद्दाम असा ताणून काढलेला असणार, इतकं तिला दिराच्या संगतीने कळत होतं.

टाचा उंचावून तिने हात वर केला. बोटं छतापर्यंत पोचलीच नाहीत.

मग तिला एक भेग दिसली. केसासारखी बारीक, ढगातून निघालेली, गालावरून सरळ जाऊन पुढे आभाळात शिरलेली. तिने दिराला वर बोलावलं. त्याने नाक छताला लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला. खाली वाकला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. नवा रंग भेगेवर बसला असता तर भेगेत उतरला असता, तो म्हणाला. हिच्यात तसा कण नाही. म्हणजे चेहरा आधीचा, भेग नंतरची.

"हा त्याच चित्रकाराचा हात आहे, वहिनी. कुणी काढला नाहीये. कुणीतरी उघडलाय."

पाठमोरीचे केस त्याला पहिल्यापासून खटकत होते. बाकी छत तेलरंगाचं आणि केस तेवढे कोरडे, पिठूळ. त्याने ते शेवटी बघू म्हणून ठेवून दिले होते. पण चेहरा उघडला कशाने? तो काजळी उतरवायला वापरायचा त्या औषधाचा दर्प एवढा जबर की कपडे घरात आणायची बंदी होती. आत्ता वर वास कसला म्हणून नव्हता. फळीवर तपकिरी थेंब वाळलेले होते. तिने बोट ओलं करून एकावर ठेवलं, तर तो लगेच विरघळला.

"पाणी," ती म्हणाली. "नुसतं पाणी."

फळ्यांवर गिलाव्याची भुकटी साचली होती. तिच्यात चार गोल ठसे होते, जवळजवळ. कोपऱ्यात दिराने रंगाचे डबे ज्याच्यावर ठेवले होते ते छोटं स्टूल तिने उचलून ठशांवर टेकवलं. चारी पाय बरोबर बसले. ताडमाड दिराला स्टूल कशाला लागेल? आणि पुसलेल्या जागेची कड कमानीसारखी गोल होती. जिथवर एक आखूड हात पोचला तिथवर चेहरा होता, पुढे केसच केस.

खाली येऊन तिने हे सगळं सांगितलं. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. काढला काय, उघडला काय, न विचारता हात लावला ना? आणि स्टुलावर उभं राहिलेलं दुसरं माणूस कोण, ते त्यांना हवं होतं.

४

तिने पहिल्यांदा छताचा गिलावा दुरुस्त करायला आलेल्या गिलावेवाल्याला धरलं. त्याचं आणि दिराचं पहिल्यापासून पटत नव्हतं. त्याला सलग फळ्यांची परांची हवी होती. मनोरा सारखा ढकलत बसावा लागतो म्हणून त्याने सगळ्यांची डोकी खाल्ली होती. शिवाय परवाच तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, या बाईला एकदा वळवून बघायला पाहिजे. तिने ते आठवून दिल्यावर तो ओशाळला. मग त्याने तिच्या हातातलं स्टूल घेतलं, जमिनीवर ठेवलं, आपल्या घेराकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, मी यावर चढलो तर स्टूल उरेल का?" ती हसली नाही, पण त्याचं नाव मनातून काढून टाकलं.

व्यवस्थापकांना विचारायचं म्हणजे जिवावर आलं, तरी विचारलं. ते चिडले. घरातला दिवा बदलायचा तरी बायको चढते आणि आपण खालून तिला सूचना देतो, असं त्यांनी रागारागात सांगून टाकलं. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं.

राहिल्या गाणेबाई. वर्ग भरला होता. मुलं एकच सूर धरून बसली होती, लांबच लांब, आणि बाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. परांचीवालीचं पाऊल आत पडलं तशा म्हणाल्या, "ये गं. टाच किती आपटतेस." त्यांचे डोळे अधू होत चालले होते आणि त्या माणसं पावलांवरून ओळखायच्या. गुडघ्यांनी दगा दिलेला, उंची वर्गातल्या मोठ्या मुलीएवढी. यांना काय विचारायचं? सुट्टीच्या दिवशी त्या आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून इथे बसायच्या हे सगळ्यांना माहीत होतं. काही ऐकलंत का, एवढं तिने विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि उलट तिलाच विचारलं, "खालून नीट दिसतो का गं चेहरा?"

दिसतो, असं तिने सांगितलं. बाईंनी परत खिडकीकडे तोंड केलं. मुलांचा सूर चालू होता.

५

दुपारी सभागृहात कुणी नव्हतं. परांचीवाली मधल्या एका खुर्चीत जाऊन बसली. वरच्या खिडक्यांतून ऊन आत येत होतं, त्यात भुकटी हळूहळू तरंगत होती, आणि पलीकडून तो सूर यायचा, थांबायचा, परत यायचा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिचे डोळे मिटायला लागले. मिटताना तिला वाटलं, पाठमोरी आपल्याला काही सांगते आहे आणि आपणच कान देत नाही आहोत.

सकाळपासून ती एकच विचारत होती, वर कोण गेलं असेल? अर्धवट झोपेत तो प्रश्न कुठेतरी निसटला आणि त्याच्या जागी दुसराच आला. ही परांची कुणी निवडली?

हे काय विचारणं झालं, तिचं तिलाच वाटलं. मीच निवडली. पण मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. छत झाकायचं नाही, कारण वर्ग. वर्ग कुणाचा? उत्तरेकडून सुरू करायचं, म्हणजे मनोरा पहिल्या दिवसापासून पाठमोरीखाली. मुलांना उन्हाची बाजू हवी असं कोण म्हणालं होतं? डबे ठेवायला स्टूल असू दे म्हणून आपणहून कुणी आणून दिलं? आणि जिना. दिराचा गुडघा दुखतो हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. तो असलं काही सांगणारा नव्हे. मग तिला ते कळलं कसं?

"तुझ्या दिराचं एक पाऊल जड पडतंय," गाणेबाई म्हणाल्या होत्या. "शिडी नको लावूस, जिना लाव. धरायला कठडा असू दे."

ती ताडकन उठून बसली. साधी शिडी लावली असती तर बाईंना पहिली पायरीसुद्धा चढता आली नसती. हा जिना दिरासाठी नव्हताच. ज्या निवडीवर ती एवढी खूश होती ती तिने केलीच नव्हती. कुणीतरी हळूच, हाताला धरून, तिच्याकडून करून घेतली होती.

आणि पाणी? केसांचा रंग नुसत्या पाण्याने निघेल हे बघून कळण्यासारखं नव्हतं. तो कालवताना ज्याने पाहिला असेल त्यालाच ते ठाऊक असणार.

६

मुलं गेल्यावर तिने स्टूल बाईंसमोर नेऊन ठेवलं. बाईंनी हाताने चाचपून ते ओळखलं.

"परत द्यायला आले," ती म्हणाली.

बाईंनी ते जवळ ओढून घेतलं. मग अगदी शांतपणे त्यांनी सगळं सांगितलं. ते आभाळ त्यांच्या वडिलांनी रंगवलेलं. ढगावरची बाई म्हणजे त्यांची आई. चित्र पुरं झालं तेव्हा ती मान वळवून सभागृहाकडे बघत होती. त्यानंतर एके दिवशी ती घर सोडून गेली. का गेली, ते घरात कुणी बोललं नाही. वडील परत परांचीवर चढले आणि त्यांनी तिच्या चेहऱ्यावर केस रंगवले.

"मी खाली उभी होते. रंग मीच कालवला. पाण्यात कालव म्हणाले. मी म्हटलं, बाबा, हा तर पुसला जाईल. त्यावर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले."

आईचा फोटो घरात ठेवलेला नव्हता. चेहरा हळूहळू आठवेनासा झाला. आठवायची ती पाठ. समितीला त्यांनी मागे एकदा विचारलं होतं, तर सगळे हसले होते. पाठमोरीला चेहरा आला तर तिला पाठमोरी कोण म्हणणार? आणि आता डोळे चालले होते. थांबण्याइतका वेळ उरला नव्हता.

"तुझ्या दिरावर आळ येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. सकाळी कळलं तेव्हापासून घास उतरला नाही. समितीला मी सांगणार आहे. मला इथून काढलं तर काढू देत."

परांचीवालीला रागवायचं होतं. आपल्याला फसवलं, घरच्या माणसाला सुळावर चढवायची वेळ आणली, असं पुष्कळ बोलायचं होतं. त्याऐवजी तिने विचारलं, "मग दिसल्या का त्या तुम्हाला?"

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"नाही. जवळून नुसते रंग दिसले. पट्टे. हात फिरवून बघितला तरी चेहरा लागेना. मला वाटलं, खाली उतरल्यावर दिसेल. उतरले, तर एवढ्या लांबचं मला कुठलं दिसतंय? उघडली मी आणि बघितली सगळ्यांनी."

७

परांचीवाली सभागृहात आली ती तरातरा मनोऱ्याकडे. दिराला म्हणाली, वरच्या फळ्या काढ. व्यवस्थापक मध्ये आले. समिती यायची वेळ झाली होती आणि ही बाई पुरावाच मोडायला निघाली होती. तिने त्यांना एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी हात पुढे केला.

"तुमचा चष्मा द्या."

"माझा? कशाला?"

त्यांचा चष्मा जाड भिंगांचा. तो लावल्यावर तिला समोरचं जग दुधात पडल्यासारखं झालं. तेच तिला हवं होतं, बाईंना दिसत असेल तसं. तो लावून, कठडा धरत, ती एकेका टप्प्यावर चढली आणि थांबून वर बघत राहिली. खालच्या टप्प्यावरून नुसता धुरकट उजेड दिसला. फार वर गेल्यावर चेहरा पसरून गेला. ती पुन्हा उतरली, पुन्हा चढली. आजवर तिने हातांसाठी फळ्या घातल्या होत्या. डोळ्यांसाठी फळी किती उंचावर घालायची, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मधल्या एका टप्प्याच्या जरा वर ती थांबली. तिथून त्या दुधातून एक गाल पुढे आला, मग डोळा. तिने पाइपवर खडूने खूण केली.

दिराने आणि गिलावेवाल्याने मिळून तिथे फळ्या टाकल्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे न बोलता काम करत होते. वर्गातली खुर्ची वर नेऊन बांधली. मनोरा दोन पावलं मागे घेतला. ब्रेक लावले. मग बाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने दिराचा दंड धरून चढल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "गुडघा दुखतोय ना रे तुझा?" तो म्हणाला, नाही. त्याचे कान लाल झाले.

समितीची माणसं दारात आली तेव्हा पश्चिमेचं ऊन छतावर चढलं होतं आणि रंगवलेल्या आभाळात खरी संध्याकाळ मिसळली होती. अध्यक्षांनी वर बोट करून विचारलं, तिथे कोण बसलंय?

व्यवस्थापक चष्म्याविना उभे होते. त्यांना काही दिसत नव्हतं. तरी वर बघत ते हळूच म्हणाले, "बाई आणि त्यांची आई." मग त्यांनीच अध्यक्षांना बाजूला घेतलं आणि भेगेपासून पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. बोलताना त्यांनी दिराचा उल्लेख दोनदा आपला रंगारी असा केला. अध्यक्षांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, उरलेला चेहरा तो उघडून देईल का?

वर बाई कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. मग त्या बोलल्या. मोठ्याने नव्हे, पण ते सभागृहच असं बांधलेलं होतं की कोपऱ्यातलं पुटपुटणंही सगळीकडे ऐकू जावं.

"मला जन्मभर वाटत होतं, ती रागावून गेली," त्या म्हणाल्या. "रागावलेली नाहीये गं. बघ ना. जराही रागावलेली नाहीये."

परांचीवाली खाली उभी होती. ब्रेक लागलेले होते, मनोरा हलण्यातला नव्हता. तरी ती पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.